‘वहिनी, तुम्ही बाहेर बसा’

आलेला प्रश्न थोडक्यात असा:

“माझे पती ७१ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. चार-पाच महिने पाठ दुखत होती, मणक्याची झीज म्हणून गोळ्या चालू होत्या. मग रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या आजारासाठी रक्तात मोजतात तो आकडा) ४८६ आला, तुकडा तपासला आणि प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर कंबरेत आणि मणक्यात पसरलेला निघाला. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन आणि रोज उपाशीपोटी चार गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांशी धाकटे दीर आणि मुलगा बोलतात. मला म्हणतात, वहिनी, तुम्ही बाहेर बसा, तुम्हाला झेपायचं नाही. यांना कॅन्सर हा शब्द सांगितलेला नाही. गाठ आहे, औषधानं विरघळेल, एवढंच सांगितलंय. हे गप्प झालेत, चिडतात, रात्री घामाघूम होतात, वेगळ्या खोलीत झोपतात. मला यातलं काही कळत नाही. मी नक्की काय करायचं? किती दिवस आहेत? दीर एका वैदूकडे न्यायचं म्हणतात. आणि जाता जाता, माझ्या बीपीच्या गोळ्या महिनाभर घ्यायच्या राहिल्यात, त्या पुन्हा सुरू करताना विचारावं लागेल का?”

ताई, ‘मला यातलं काही कळत नाही’ असं तुम्ही लिहिता आणि त्याच पत्रात पीएसएचा आकडा, इंजेक्शनाचं अंतर, गोळ्या किती आणि कशा घ्यायच्या, हे सगळं बिनचूक सांगता. आत जाऊन बोलणाऱ्या तुमच्या दिरांना हेच प्रश्न विचारून बघा. निम्म्यावर अडतील.

मी पॅलिएटिव्ह केअरची डॉक्टर. कॅन्सरच्या डॉक्टरांच्या शेजारची खोली माझी. दुखणं, धाप, झोप, भीती, घरातली धुसफूस, सगळं आमच्याकडे येतं. (पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचा वॉर्ड, हा समज आधी काढून टाका. उपचार जोरात चालू असतानाही आमच्याकडे यायचं असतं.) बावीस वर्षं त्या खोलीबाहेरच्या बाकावर एकच चित्र बघतेय. बाईच्या मांडीवर फाइल, पायाशी डब्याची पिशवी, आणि आत पुरुषमंडळी. रात्री अडीचला नवरा कशाला धरून उठला हे जिला ठाऊक आहे ती बाहेर. गोळीचा रंगही न पाहिलेला माणूस आत. म्हणून तुमच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मला मोठा वाटतो तो तुम्ही विचारलेलाच नाही: मी आत कशी जाऊ?

भांडून जाऊ नका. पुढच्या तारखेला वही-पेन घ्या आणि दारातच म्हणा, “भाऊजी, तुम्ही बोला, मी नुसतं लिहून घेते.” लिहून घेणाऱ्या बाईला उठवायला सहसा कुणी धजत नाही. दोन खेपा असंच करा. तिसऱ्या खेपेला डॉक्टर आपसूक तुमच्याकडे बघून बोलायला लागतात, कारण मागचा रिपोर्ट कधीचा आणि त्यानंतर काय झालं, हे पटकन सांगणाऱ्या तुम्हीच असता. डॉक्टरांना वेळ कमी असतो. उत्तर जिथून मिळतं तिकडे त्यांची मान वळते.

आत गेल्यावर काय होतं तेही सांगते. डॉक्टर विचारतात, “काय गुरुजी, कसं काय?” गुरुजी म्हणतात, “बरं आहे.” आपल्याकडे डॉक्टरांसमोर ‘बरं नाही’ म्हणणं म्हणजे त्यांच्या औषधाचा अपमान असं लोकांना वाटतं की काय, कोण जाणे. गर्दीच्या ओपीडीत मिळणारी पाच-सात मिनिटं या ‘बरं आहे’मध्येच विरून जातात. तुमचं काम इथं आहे. आधी त्यांना बोलू द्या, मग हळूच भर घाला: “मागच्या महिन्यात देवळापर्यंत न थांबता जायचे, आता पारावर एकदा बसतात.” “रात्री तीनदा उठायचे, आता सहादा.” “अर्ध्या भाकरीवर आलेत.” तपासणीच्या कागदावर न दिसणारी ही माहिती डॉक्टरांना औषध बदलायला लावू शकते. मात्र “खोटं बोलतायत हो, कुठे बरं आहे!” असं चारचौघांत म्हणू नका. त्यांची जागा घ्यायची नाहीये. त्यांच्या बोलण्यात जे राहतं ते भरायचंय.

वही कसली? वाणसामानाची जुनी चालेल. रोज चार ओळी: कुठे दुखलं, दहापैकी किती गुण (गुरुजींनाच गुण द्यायला सांगा, जन्मभर तेच केलंय), पोट साफ झालं का, झोप लागली का. आठवड्यातून एकदा वजन. मागच्या पानावर सगळ्या औषधांची नावं आणि मात्रा, डॉक्टरांचा आणि रात्री उचलला जाईल असा रुग्णालयाचा फोन. तुकडा तपासणीचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यांत वर, आणि त्याचे मोबाइलवर फोटो. मूळ कागद कुणाला दिला तर कुणाला, कधी, हे लिहून ठेवा. दुसरं मत घ्यायची वेळ आली की हाच कागद नेमका सापडत नाही.

आणि प्रश्न तीनच न्या. दहा प्रश्नांची यादी बघितली की डॉक्टर पहिल्याचं उत्तर देतात आणि बाकीच्यांना मान डोलावतात.

पहिल्या खेपेला मी हे तीन विचारले असते. पीएसए आता किती खाली आला आणि टेस्टोस्टेरॉन मोजलं का? हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काय करतोय? आणि आनुवंशिक तपासणी करायची का?

हे का विचारायचं ते समजून घ्या, म्हणजे उत्तर ऐकताना गोंधळ होणार नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर, पोसला जातो. चार्ल्स हगिन्स या शल्यविशारदानं ते १९४१ साली दाखवून दिलं, पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तुमच्याकडचं तीन महिन्यांचं इंजेक्शन शरीरातलं हे हार्मोन जवळजवळ बंद करतं. ते दर डेसिलिटर रक्तात ५० नॅनोग्रॅमच्या खाली गेलं पाहिजे. पीएसए नुसताच खाली येऊन चालत नाही, किती आला हे बघायचं. सात-आठ महिन्यांत तो ०.२ च्या खाली गेला तर चांगलं लक्षण. एखाद्या खेपेला थोडा वर दिसला म्हणून घरात रडारड नको. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासा आणि ओळीनं तीन-चार आकडे बघा.

इंजेक्शनाची तारीख मात्र चुकवायची नाही. लग्न, वारी, गणपती, काही असो. काही डॉक्टर इंजेक्शनाऐवजी अंडकोष काढण्याचं छोटं ऑपरेशन सुचवतात. परिणाम तोच, खर्च एकदाच होतो आणि पुन्हा पुन्हा खेपा वाचतात. दूरच्या गावच्या, हातावर पोट असलेल्या माणसाला ते सोयीचं पडतं. पण हा निर्णय दिरांनी बाहेरच्या बाहेर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा नाही. तो गुरुजींच्या शरीराचा आहे.

उपाशीपोटीच्या चार गोळ्या बहुधा अबिरॅटेरोनच्या असाव्यात (हे औषधही पुरुषी हार्मोनच रोखतं), सोबत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइडही असेल. पाकिटावर नाव बघा. अबिरॅटेरोन असेल तर जेवणानंतर दोन तास गेलेले हवेत आणि गोळ्यांनंतर तासभर काही खायचं नाही. जेवणासोबत हे औषध रक्तात कितीतरी जास्त उतरतं, म्हणून ही शिस्त. प्रेडनिसोलोन उलट खाऊन घ्यायची आणि स्वतःहून एकदम बंद करायची नाही. शेजारच्या गावातले कुणी एकच गोळी नाश्त्यासोबत घेतात असं तुमच्या कानावर येईल. खर्च वाचावा म्हणून काही डॉक्टर तसंही देतात, पण ते त्यांनी ठरवलेलं असतं. आपण घरी गणित मांडायचं नाही. या गोळ्यांनी बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं, पायावर सूज येते, यकृतावर ताण येतो. म्हणून सुरुवातीच्या तीन महिन्यांत दर पंधरवड्याला रक्त तपासतात. मधुमेह असेल तर साखरही चढते.

हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि कधी झोलेड्रोनिक ॲसिडसारखं इंजेक्शन देतात. ते देण्याआधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा. किडका दात काढायचा असेल तर आधी काढा. नंतर काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. मिसरी-तंबाखूच्या सवयीतले दात असतील तर तर नक्कीच.

आनुवंशिक तपासणीचं म्हणाल तर काही घरांत बीआरसीए-२ नावाच्या जनुकातला दोष बापाकडून मुलामुलींकडे जातो. मुलाला प्रोस्टेटचा, मुलीला स्तनाचा आणि अंडाशयाचा धोका वाढतो. यांच्यात तो सापडला तर पुढे ओलापॅरिबसारखं वेगळं औषधही वापरता येतं. यांच्या घरात कुणा आत्याला, बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला होता का, हे आठवून ठेवा. सासरच्या चार पिढ्यांची दुखणी घरातल्या सुनेइतकी कुणाला माहीत नसतात.

आता जे सांगते ते वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

कॅन्सर मणक्यात आहे. तो कधी कधी मणक्यातल्या नसेवर, मज्जारज्जूवर, दाब आणतो. पाठदुखी नव्यानं सुरू झाली किंवा वाढली, आडवं झाल्यावर किंवा खोकताना कळ जास्त आली, छातीभोवती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटलं, पाय जड झाले, लटपटले, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, यातलं काहीही दिसलं तर ‘उद्या बघू’ नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्रीच, एमआरआय असलेल्या रुग्णालयात जायचं. तिथे पोचल्यावर म्हणायचं, “प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात आहे, पाय लटपटतायत, नसेवर दाब आहे का ते आत्ता बघा.” हे वाक्य पाठ करा. नुसतं ‘पाठ दुखतेय’ म्हणालात तर सलाइन आणि दुखण्याचं इंजेक्शन देऊन सकाळपर्यंत झोपवून ठेवतील, असं मी पाहिलंय. वेळेत पोचलं तर स्टिरॉइड, लाइट (म्हणजे रेडिएशन) किंवा ऑपरेशन यांनी पाय वाचतात. चालत पोचलेले बहुतेक पुढेही चालतात. पाय पुरते गेल्यावर आलेल्यांचे क्वचितच परत येतात.

मागे एका काकूंनी फोन केला होता. “डॉक्टर, काही विशेष नाही, पण कालपासून यांची डाव्या पायातली चप्पल दोनदा मागे राहिली.” घरच्यांनी हसण्यावारी नेलं होतं. एमआरआयमध्ये दाब निघाला, त्याच रात्री उपचार सुरू झाले. ते काका नंतर दीड वर्ष स्वतःच्या पायांनी बाथरूमला गेले. तपासणीत काही दिसायच्या आधी ते त्यांच्या बायकोला दिसलं होतं.

आणि कृपा करून पाठ चोळून घेणं, मणका ‘बसवून’ देणारा, हाडवैद्य, यांतलं काहीही नको. पोखरलेल्या मणक्यावर गुडघा रोवणारा माणूस एका झटक्यात होत्याचं नव्हतं करतो.

तशीच धावपळ लघवी पूर्ण अडल्यावर किंवा रक्ताच्या गाठी पडल्यावर. पुढे कधी केमो सुरू झालं तर ताप १००.४ च्या वर गेल्याबरोबर रुग्णालय गाठा. घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही.

दुखण्याबद्दल. मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी आणून रोज दोन, हे बंद. लघवीच्या मार्गात आधीच अडथळा असताना मूत्रपिंडं त्यानं बसतात. हाडाचं एकाच जागचं दुखणं असेल तर लाइटबद्दल विचारा. पुष्कळदा एकाच बैठकीत काम होतं, महिनाभर खेपा घालाव्या लागत नाहीत. मॉर्फिनचं नाव निघालं तर घाबरू नका. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनची चटक लागण्याची भीती बाळगायचं कारण नाही, त्यानं मरण जवळही येत नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं ते मिळणं फार किचकट झालं होतं; २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं. तुमच्या जवळ कुठे मिळतं ते गरज पडायच्या आधीच विचारून ठेवा. घ्यायचं ते घड्याळाप्रमाणे. कळ असह्य होईपर्यंत दात-ओठ खाऊन थांबायचं नाही. बद्धकोष्ठता हमखास होते, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत.

आता न सांगण्याचं. गुरुजींनी जन्मभर पोरांना वाचायला शिकवलं. दवाखान्यात ‘कर्करोग विभाग’ अशी पाटी असलेल्या दाराखालून ते दर खेपेला आत जातात. त्यांना ती पाटी दिसत नाही, असं घरात खरंच कुणाला वाटतं का? त्यांना माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे हेही त्यांना माहीत आहे. दोघं एकमेकांना सांभाळून गप्प बसलात, आणि मधल्या मधे ते एकटे पडलेत.

ही चूक मीही केलीय. नवी असताना एका कुटुंबानं हात जोडले म्हणून मी एका शेतकऱ्याला ‘सूज आहे’ असंच सांगत राहिले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावलं. “बाई, आधी कळलं असतं तर दोघा पोरांना समोरासमोर बसवून वाटणी केली असती. आता भांडतील.” मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी कुणासाठीही खोटं बोललेले नाही.

पण तुम्ही जाऊन धाडकन सांगा, असंही म्हणत नाही. आधी विचारा. संध्याकाळी दोघंच असताना, टीव्ही बंद करून: “अहो, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?” आणि थांबा. मोजून मिनिटभर थांबा, फार मोठं वाटतं ते. ते म्हणाले, “कॅन्सर असेल,” तर नाकारू नका. “हो. मलाही भीती वाटते,” एवढं पुरे. ते म्हणाले, “मला नाही जाणून घ्यायचं, तुम्ही बघा काय ते,” तर तेही उत्तरच आहे. मग निर्णय कोणी घ्यायचे ते मात्र त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, चारजणांसमोर. तुमचं नाव त्यांनी घेतलं की दिरांचा प्रश्न मिटला. मुलाला हे आधी फोनवर समजवा. तो वाईट नाही, घाबरलेला आहे.

त्यांचं चिडणं, घाम आणि वेगळी खोली. यातलं निम्मं आजाराचंही नाही, इंजेक्शनाचं आहे. हार्मोन बंद झालं की बायकांना पाळी जाताना येतात तशाच वाफा येतात, रात्री उशी भिजते. तुम्हाला त्या आठवत असतील. यांना कुणी सांगितलेलंच नाही, कारण हे पुरुषांना होतं असं आपल्याकडे कुणी बोलत नाही. स्नायू उतरतात, पोट सुटतं, छाती किंचित भरते, थकवा येतो, मन उदास होतं. इच्छा जाते आणि ताठरपणाही जातो. आयुष्यभर वर्गासमोर ताठ उभ्या राहिलेल्या माणसाला हे कुणाला सांगणार? वेगळ्या खोलीत झोपणं हा त्यांचा राग नाही. बहुधा लाज आहे.

हे तुम्हीच उघडा, कारण आत कुणी उघडणार नाही. “डॉक्टरांनी सांगितलंय, हे त्या इंजेक्शनामुळे होतं, सगळ्यांना होतं,” असं माझ्या नावावर खुशाल खपवा. सुती चादर, पंखा, उशाशी पाण्याचा तांब्या, रात्रीचा चहा बंद. वाफांवर गोळ्याही आहेत, विचारा. आणि पाय चेपायला, डोक्याला तेल लावायला बसा. संबंध गेले म्हणून स्पर्श जायचं कारण नाही. कित्येक जोडप्यांनी मला सांगितलंय की लग्नानंतर पहिल्यांदा निवांत गप्पा या आजारात झाल्या. दोन-तीन आठवडे सलग उदास असतील, जेवण-झोप गेली असेल, ‘कशाला जगायचं’ असं बोलत असतील, तर मात्र ‘मनावर घेऊ नका’ म्हणून सोडू नका. तोही आजार आहे, त्यालाही डॉक्टर आहेत.

रोज चालणं हवं. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, जमेल तितकं. पडण्याची आणि हाड मोडण्याची जोखीम किती आहे ते विचारून मगच. बाथरूममध्ये धरायला दांडी आणि रात्री दिवा, हे याच आठवड्यात.

किती दिवस? ‘दिवस’ हा शब्द सध्या तरी काढून टाका. लॅटिट्यूड नावाच्या मोठ्या अभ्यासात पसरलेल्या, जास्त जोखमीच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांना इंजेक्शनासोबत अबिरॅटेरोन दिलं. त्यातले निम्मे ५३ महिन्यांपेक्षा जास्त जगले. नुसत्या इंजेक्शनावर तोच आकडा ३६ महिन्यांच्या आसपास होता. म्हणजे निम्मे त्याच्या आधी, निम्मे त्याच्या नंतर; गुरुजी कुठल्या निम्म्यात हे आज कुणी सांगू शकत नाही. पीएसए कसा उतरतो त्यावरून पुढच्या सहा महिन्यांत थोडा अंदाज येईल. कधीतरी हे औषध काम करेनासं होतं, तेव्हा केमो, एन्झालुटामाइडसारख्या गोळ्या, ल्युटेशियम या किरणोत्सारी औषधाचा उपचार असे पुढचे टप्पे असतात. तेव्हाही वही घेऊन आत बसा आणि विचारा: यानं किती फायदा, किती त्रास, आणि काहीच न केलं तर काय?

वैदूबद्दल भाऊजींशी वाद घालू नका. एवढंच म्हणा, “त्यानं काय दिलंय ते नावासकट लिहून द्या, मी डॉक्टरांना दाखवते.” बहुतेक पुड्यांवर नाव नसतंच. भस्मांत शिसं-पारा सापडतो, आणि आधीच गोळ्यांचा ताण असलेल्या यकृताला ते झेपत नाही. लक्ष्मणफळ, गव्हांकुराचा रस यांनी हा कॅन्सर जात नाही. खाण्यात पथ्याचा बाऊ नको. अंडी, डाळ, दूध, आवडत असेल तर मासे, जे पोटात जाईल ते.

पैशांचं. गुरुजी सत्तरीच्या वर आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. आधार कार्डावर वेगळं कार्ड निघतं. शिवाय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहेच. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला आधी विचारा की नेमकं काय बसतं, कारण ऑपरेशन, केमो, लाइट यांची पॅकेजं असतात, घरी घ्यायच्या महागड्या गोळ्या बसतीलच असं नाही. त्याच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. डॉक्टरांना सरळ म्हणा, “यातली स्वस्त कंपनी चालेल का?” लाजायचं काही नाही. उपचारासाठी रेल्वेनं जाताना रुग्णाला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत आहे, फॉर्म रुग्णालयात मिळतो. मुंबईला जायची वेळ आलीच तर दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांसाठीच उभी आहे. पण दुसऱ्या मतासाठी एकदा जाणं वेगळं आणि दर महिन्याला पाठीच्या कळा सोसत मुंबई गाठणं वेगळं. इंजेक्शन आणि या गोळ्या जिल्ह्याच्या ठिकाणीही तीच असतात.

पुढे कधी दुखणं आटोक्यात येईना, तर पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, मोफत, आणि घरच्या माणसाला सोबत राहता येतं. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, गोव्यातही त्यांची शाखा आहे.

कागद. घरात कुणीतरी “अभद्र बोलू नका” म्हणेलच, बोलू द्या. बँकेचं खातं दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल त्याच्या नावे, पेन्शनच्या कागदांवर तुमचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना, एवढं बघा. गुरुजींना व्हेंटिलेटर वगैरे नको असेल तर तसं लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ही परवानगी दिली आणि २०२३ मध्ये सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. घाई नाही, पण त्यांचं डोकं शांत असताना विचारायचं.

राहिला तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न, जो तुम्ही ‘जाता जाता’ लिहिलात. हो, विचारावं लागेल. महिनाभर गोळ्या बंद आहेत, तर उद्या सकाळीच आरोग्य केंद्रात बीपी मोजून घ्या आणि डॉक्टरांना खरं सांगा. तुम्हालाही विसावा हवा. त्यासाठी मुलाला ‘लक्ष ठेव’ एवढंच म्हणू नका, त्यातून काही निष्पन्न होत नाही. ‘महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार तू इथे झोपायचंस, मी माहेरी जाणार,’ असं तारखेसकट सांगा. लोक बोलतील, ते तुम्ही रात्री अडीचला उठता तेव्हा झोपलेले असतात. अबिरॅटेरोनमुळे गुरुजींचं बीपी मोजायला घरात मशीन आणावंच लागणार आहे. सकाळी त्यांचं मोजून झालं की तोच पट्टा आपल्या दंडाला बांधा, आणि वहीत त्यांच्या आकड्याखाली तुमचाही आकडा लिहा.